लोगनएअर टिकली कशी? दोन मिनिटांच्या फेरीमागचा हिशोब

ग्लासगोत विमानवाहतूक व्यवस्थापन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "लोगनएअरची वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही दोन मिनिटांची फेरी निव्वळ पर्यटकांसाठी आहे का? फ्लायबी दोनदा बुडाली, मग तिच्याहून कितीतरी लहान असलेली ही कंपनी १९६२ पासून कशी उडतेय? सगळं सरकारी अनुदानावर चाललंय का? प्रोजेक्टसाठी नेमकं काय बघू?"

आधी ओळख: लोगनएअर आणि फ्लायबी या ब्रिटनमधल्या प्रादेशिक विमानकंपन्या, पैकी लोगनएअर स्कॉटलंडची. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांपैकी दोन, आणि कर्कवॉल हे ऑर्कनीचं मुख्य शहर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. अनुदानाच्या प्रश्नाचं उत्तरही 'नाही'च, पण तिथे मार्गामार्गात फरक आहे, म्हणून 'कंपनी अनुदानावर चालते' किंवा 'चालत नाही' असं एका वाक्यात लिहू नका. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: ज्या मार्गावर दिवसाला जेमतेम दहा-वीस माणसं आहेत, तिथे वर्षानुवर्षं नेमाने विमान कसं उडवायचं, आणि त्यातला तोटा कोणाच्या खात्यावर लिहायचा? वेळापत्रक आणि ताफा यांचं नियोजन करणाऱ्याच्या नजरेतून याचं उत्तर देतो. तिकीटविक्री किंवा वित्तविभागातला माणूस कदाचित दुसऱ्या टोकापासून सुरुवात करेल.

आधी इतिहास, कारण आजच्या बऱ्याच सवयी तिथून आल्या आहेत. विली लोगन हे बांधकाम ठेकेदार. कामं स्कॉटलंडभर विखुरलेली आणि रस्ते लांबचे, म्हणून माणसांची ने-आण करायला १ फेब्रुवारी १९६२ रोजी एक पायपर अझ्टेक विमान घेऊन त्यांनी एअर टॅक्सी सुरू केली. टे नदीवरचा रस्तापूल त्यांच्याच बांधकाम कंपनीने बांधला. तो ऑगस्ट १९६६ मध्ये खुला झाला, पण त्याच वर्षी जानेवारीत इन्व्हर्नेसजवळ विमान अपघातात लोगन यांचा मृत्यू झाला होता. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, कंपनीने ऑर्कनी बेटांमधली अंतर्गत सेवा सुरू केली. ही कल्पना नवी नव्हती. कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेजने १९३० च्या दशकातच ऑर्कनीत विमानं उतरवली होती आणि १९३४ मध्ये इन्व्हर्नेस-कर्कवॉल टपालही सुरू केलं होतं. लोगनएअरने तो तुटलेला धागा उचलला आणि सोबत रुग्णवाहू विमानांचं काम घेतलं, जे तिने २००६ पर्यंत केलं.

मालक मात्र बदलत राहिले. १९६८ मध्ये कंपनी एका स्कॉटिश बँकेकडे गेली. ती बँक पुढे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली. १९८३ मध्ये ब्रिटिश मिडलंडने लोगनएअर विकत घेतली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपनीने मँचेस्टरमधून मोठी विमानं उडवून स्कॉटलंडबाहेर हातपाय पसरले होते. १९९४ मध्ये ते मार्ग आणि ती विमानं मँक्स एअरलाइन्सकडे गेली आणि लोगनएअर पुन्हा बेटांपुरती उरली. १९९७ मध्ये व्यवस्थापनानेच ती विकत घेतली, तेव्हा ताफ्यात थोडीशी लहान विमानं होती. बाहेरून बघणाऱ्याला ही पीछेहाट वाटेल. मला मात्र कंपनीच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची वर्षं वाटतात, कारण मोठ्या शहरांच्या स्पर्धेत न पडता ज्या मार्गांची तिला सर्वांत जास्त माहिती होती तेवढेच तिच्याकडे राहिले.

आता दोन मिनिटांची फेरी. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या धावपट्ट्यांमधलं अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे, म्हणजे एडिंबरा विमानतळाच्या मुख्य धावपट्टीइतकं. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात. वारा अनुकूल असला तर त्याहूनही कमी लागतात. पायलट स्टुअर्ट लिंकलेटर यांचा ५३ सेकंदांचा विक्रम प्रसिद्ध आहे. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी म्हणून लोक मुद्दाम येतात, त्यांना प्रमाणपत्रही मिळतं. पण ही फेरी स्वतंत्र नाही, ती एका वर्तुळाचा तुकडा आहे: कर्कवॉल, वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे आणि परत कर्कवॉल.

नियोजनाच्या कागदावर याचा अर्थ असा. कर्कवॉलपासून यातल्या कोणत्याही बेटावर जायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. दोन बेटांना दोन वेगवेगळ्या फेऱ्या दिल्या तर हवेत साठेक मिनिटं जातात. दोन्ही एकाच वर्तुळात घेतली तर बत्तीसेक मिनिटांत काम होतं. म्हणजे दुसरं बेट जोडायला हवेतली दोन मिनिटं, एक जादा लँडिंग आणि जमिनीवरची काही मिनिटं एवढाच जादा खर्च येतो. पुस्तकातल्या पद्धतीने 'प्रति किलोमीटर खर्च' काढलात तर ही फेरी भयंकर महाग दिसेल, कारण २.७ किलोमीटरने भागताय. वर्तुळाचा एकूण खर्च काढून तो दोन बेटांत वाटलात तर तीच दोन मिनिटं अख्ख्या वर्तुळातली सगळ्यात स्वस्त मिनिटं ठरतात. प्रोजेक्टमध्ये हा आकडा एकदा दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी शेजारी ठेवा.

पापा वेस्ट्रेवर शंभराहून कमी लोक राहतात. डॉक्टर, फिरते शिक्षक, विद्यार्थी, दुरुस्तीची माणसं यांच्यासाठी ही फेरी बसच्या जागी आहे. दोन बेटांमध्ये छोटी प्रवासी बोट आहे, पण सकाळी कर्कवॉलला जाऊन काम उरकून संध्याकाळी घरी परतायचं तर विमानाला पर्याय नाही. ही सेवा ऑर्कनी बेटांची परिषद निविदा काढून विकत घेते. धावपट्ट्याही परिषदेच्याच, आणि तिथली अग्निशमनाची ड्यूटी बेटावरचेच लोक अर्धवेळ करतात. विमान निघून गेलं की तीच माणसं शेतावर किंवा दुसऱ्या नोकरीवर जातात. पूर्णवेळ कर्मचारी ठेवायचं ठरवलं असतं तर या धावपट्ट्या कधीच बंद पडल्या असत्या.

विमान आहे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पिस्टन इंजिनं, न दुमडणारी चाकं, आत मधली वाट नाही. प्रवासी बाजूच्या दारांमधून थेट आपल्या रांगेत चढतात. पाचशे मीटरच्या आसपासची धावपट्टी त्याला पुरते. याचं कमाल उड्डाणवजन २,९९४ किलो. हिशोब ढोबळमानाने असा मांडा: रिकामं विमान १,८७० किलो, पायलट ९० किलो, दीडशे लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ११० किलो. उरले ९२० किलोंच्या आसपास. आठ प्रवासी सरासरी ८५ किलोंचे धरले तर ६८०, प्रत्येकी १५ किलो सामान म्हणजे १२०, एकूण ८००. बसतं. पण धावपट्टी ओली, वारा पडलेला आणि प्रवाशांत चार धिप्पाड शेतकरी असले तर एकतर इंधन कमी घ्यावं लागतं, नाहीतर कोणाची तरी पेटी मागे राहते. म्हणून मोठ्या विमानांसारखं सरासरी वजन धरून इथे चालत नाही. प्रत्येकाचं खरं वजन लागतं, आणि कोणाला कुठल्या रांगेत बसवायचं तेही विमानाचा तोल बघून ठरतं. प्रवासी पायलटच्या शेजारी बसलेला दिसतो, तेही विमानातली एक जागा वाया जाऊ नये म्हणून.

ताफा निवडताना सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते नियमांतल्या पायऱ्यांकडे. विद्यार्थ्यांच्या अहवालांत हा भाग नेमका सुटलेला असतो. नऊपर्यंत प्रवासी आणि पिस्टन इंजिन असेल तर एक पायलट चालतो. त्यापुढे दोन लागतात. एकोणीस आसनांपर्यंत हवाई सुंदरी किंवा केबिन कर्मचारी लागत नाही. विसावं आसन बसवलं की एक लागतो. दर पन्नास आसनांमागे एक असा नियम असल्याने पन्नासपर्यंत एकाच माणसात भागतं आणि एक्कावनाव्या आसनाला दुसरा पगार सुरू होतो. आता लोगनएअरची विमानं या पायऱ्यांवर ठेवून बघा: आयलंडर पहिल्या पायरीच्या आत, ट्विन ऑटर बरोबर एकोणीसवर, २०२३ पर्यंत वापरात असलेलं साब ३४० चौतीसच्या आसपास, एटीआर ४२ अठ्ठेचाळीसवर. साब ३४० सोडलं तर ही विमानं आपापल्या पायरीच्या कडेपाशी थांबतात. एटीआर ७२ सत्तरच्या पुढे जातं, तिथे दोन केबिन कर्मचारी लागतात, म्हणून ते प्रवासी भरपूर असलेल्या मार्गांवरच परवडतं.

कराचीही अशीच एक पायरी आहे. ब्रिटनमधला हवाई प्रवासी कर ५.७ टनांहून हलक्या विमानांना लागू होत नाही. ट्विन ऑटरचं कमाल वजन ५,६७० किलो, म्हणजे ते जेमतेम खाली राहतं. शिवाय हायलँड्स आणि बेटांमधल्या विमानतळांवरून निघणाऱ्या प्रवाशांना हा कर २००१ पासून माफ आहे. फ्लायबीकडे वळू तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागेल.

ट्विन ऑटरचं नाव निघालं की बॅराकडे जायलाच हवं, कारण वेळापत्रक बसवणाऱ्याची खरी परीक्षा तिथे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बॅरा बेटावरचा विमानतळ म्हणजे त्राय व्होर नावाचा समुद्रकिनारा. वाळूत त्रिकोणासारख्या मांडलेल्या तीन धावपट्ट्या, टोकांना लाकडी खांब. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर उतरतात असं जगात एवढं एकच ठिकाण आहे. तीन पट्ट्या वाऱ्यासाठी आहेत: हलक्या विमानाला आडवा वारा सोसत नाही, म्हणून वारा ज्या दिशेचा असेल त्याला जवळची पट्टी घ्यायची. एरवी लोक या वाळूत शिंपल्या गोळा करतात. वायुमोजा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, फडकलेला दिसला की किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, अशी पाटी लावलेली आहे. विमान यायच्या आधी कर्मचारी गाडीतून पट्टीवर फेरी मारून साचलेलं पाणी, मऊ झालेली वाळू आणि वाहून आलेला कचरा तपासतात.

आता वेळापत्रक. दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातल्या कोणालाही हे सांगायला नको. या सोमवारी ओहोटी सकाळी नऊला असेल तर पुढच्या सोमवारी ती दुपारी तीनच्या सुमारास येते आणि सकाळी नऊला तिथे समुद्र असतो. म्हणजे 'रोज सकाळी ९.३० ला' असं छापता येत नाही. भरतीचे तक्ते हातात घेऊन काही महिने आधी प्रत्येक दिवसाची वेळ वेगळी बसवावी लागते. त्यात दुसरी अट उजेडाची. किनाऱ्यावर दिवे नाहीत, म्हणून नियमित फेऱ्या दिवसाउजेडीच होतात. डिसेंबरच्या मध्यावर त्या अक्षांशावर दिवस सात तासांहूनही लहान असतो. भर दुपारी भरती आली तर दोन्ही ओहोट्या अंधारात जातात आणि सकाळ-संध्याकाळच्या कडेला मिळेल ती फट पकडावी लागते. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त वर चढतं, त्यामुळे ही फट आणखी अरुंद होते.

तिसरी अट बाहेरच्यांना दिसत नाही. ग्लासगोहून बॅराला साधारण सव्वा तास लागतो आणि तीच ट्विन ऑटर विमानं कँपबेलटाउन आणि टायरीलाही जातात. बॅराची वेळ समुद्र ठरवतो, म्हणून उरलेल्या दोन ठिकाणांना उरलेली वेळ मिळते. एखाद्या दिवशी धुक्यामुळे बॅराचं विमान दीड तास अडकलं, तर शहरी विमानतळावर दीड तासाचा उशीर होतो. इथे मात्र तेवढ्यात पाणी वर येतं आणि फेरी रद्द होते. म्हणून अशा मार्गाचं मूल्यमापन सरासरी उशिराच्या मिनिटांत करू नका, रद्द फेऱ्यांत करा.

खारं पाणी हा कायमचा शत्रू. ओल्या वाळूवरून धावताना चाकं खारट पाणी पंखांच्या आणि पोटाच्या खालच्या बाजूला फेकतात. ते वाळलं की पत्र्याच्या सांध्यांत आणि केबलींवर क्षार बसतात. विमान गोड्या पाण्याने धुणं, टर्बाइन इंजिनाचा कॉम्प्रेसर आतून धुणं, वंगण पुन्हा भरणं हे इथे रोजच्या कामात धरावं लागतं. ज्या कंपनीने निविदा भरताना या मनुष्यतासांचा खर्च धरला नाही, तिचा देखभालीचा अंदाज पहिल्याच हिवाळ्यात चुकतो. २०१५ मध्ये इथे दोन नवीन ट्विन ऑटर आली. ती लोगनएअरच्या मालकीची नाहीत. हायलँड्स आणि बेटांचे विमानतळ चालवणाऱ्या सरकारी कंपनीची आहेत, लोगनएअर फक्त उडवते. व्यवस्था शहाणपणाची आहे. चार वर्षांच्या कंत्राटासाठी कोणीही स्वतःच्या पैशाने नवं विमान घेणार नाही, आणि घेतलंच तर त्याची किंमत निविदेत दुपटीने वसूल करेल.

इथून पैशांकडे येऊ. युरोपीय नियमांत, आणि तेच पुढे चालू ठेवलेल्या ब्रिटनच्या कायद्यात, 'सार्वजनिक सेवा बंधन' अशी तरतूद आहे. एखाद्या भागाला विमानसेवा अत्यावश्यक आहे आणि बाजार ती स्वतःहून देत नाही असं दिसलं, तर सरकार किमान फेऱ्या, आसनं आणि कमाल भाडं ठरवून देऊ शकतं. त्या अटींवर कोणीही तयार नसेल तर खुली निविदा काढून एका कंपनीला त्या मार्गाचा एकाधिकार आणि भरपाई देता येते. मुदत साधारणपणे चार वर्षांपर्यंत. ग्लासगो ते बॅरा, कँपबेलटाउन, टायरी हे मार्ग असे आहेत. त्यासाठी स्कॉटिश सरकार निविदा काढतं. ऑर्कनीतले मार्ग तिथल्या परिषदेचे.

पण लोगनएअरचे मोठे मार्ग, म्हणजे ॲबर्डीन किंवा ग्लासगोहून शेटलंडमधल्या संबराला, कर्कवॉलला, स्टॉर्नवेला, हे व्यापारी मार्ग आहेत. तिथे कंपनीला भरपाई नाही. तिथे आहे ती प्रवाशाला मिळणारी सवलत: बेटांवरच्या आणि अतिउत्तरेच्या रहिवाशांना मूळ भाड्यावर २००६ पासून ४० टक्के आणि २०१६ पासून ५० टक्के सूट मिळते, आणि ती रक्कम सरकार भरतं. हा फरक अहवालात ठळक दाखवा. पहिल्या पद्धतीत सरकार सेवा विकत घेतं. दुसऱ्या पद्धतीत सरकार प्रवाशाच्या तिकिटात भर घालतं आणि रिकाम्या खुर्च्यांचा धोका कंपनीच्याच डोक्यावर राहतो. दुसऱ्या पद्धतीचा दोष असा की मूळ भाडं वाढलं तरी रहिवाशाला ते अर्धंच टोचतं, त्यामुळे भाड्यावरचा दाब कमी होतो. बेटांवरचे लोक चढ्या भाड्यांबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करतात, आणि ती तक्रार मला रास्त वाटते. आपल्याकडच्या 'उडान' योजनेत तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा. स्कॉटलंडमध्ये बॅरा कधी नफ्यात येईल असं कोणी गृहीत धरत नाही. मुदत संपली की पुन्हा निविदा निघते.

आता फ्लायबी. ती ५ मार्च २०२० रोजी बंद पडली, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २८ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा बंद झाली. पहिल्या वेळी कोविडने शेवटचा धक्का दिला, पण घर आधीच पोखरलेलं होतं. तिचं मुख्य विमान ७८ आसनांचं डॅश ८ क्यू-४००. चांगलं, वेगवान टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर फिरणाऱ्या पंख्यांचं विमान), पण ७८ खुर्च्या दिवसातून चार वेळा भरायला लागतात. त्यातच २०१० मध्ये तिने ३५ एम्ब्रेअर १७५ जेट विमानांची मागणी नोंदवली, जी पुढे गळ्यातलं लोढणं ठरली. मार्ग असे की शेजारी रेल्वे आणि महामार्ग. देशांतर्गत प्रवाशावर तेव्हा प्रत्येक उड्डाणाला १३ पौंड कर होता, म्हणजे जाऊन-येऊन २६. चाळीस-पन्नास पौंडांच्या तिकिटात हा वाटा काढून प्रवासी ट्रेनऐवजी विमानात बसवायचा, हे फार कठीण होतं. (हा देशांतर्गत दर एप्रिल २०२३ मध्ये साडेसहा पौंडांवर आला, तोवर उशीर झाला होता.)

लोगनएअरचा संबराचा प्रवासी दुसरा पर्याय म्हणून ॲबर्डीन ते शेटलंडमधलं लरविक अशी बोट बघतो. ती रात्रभराची, बारा तासांहून जास्त. विमानाला तास. तिथे प्रवासी किती भाडं देईल, हे त्या बारा तासांवर ठरतं.

याचा पुरावा म्हणून २०१७ चा शरद ऋतू अभ्यासा. लोगनएअर १९९४ ते २००८ ब्रिटिश एअरवेजच्या आणि त्यानंतर फ्लायबीच्या नावाने, त्यांच्या रंगांत उडत होती. १ सप्टेंबर २०१७ पासून ती स्वतःच्या नावाने उडू लागली आणि त्याच दिवसापासून फ्लायबी ईस्टर्न एअरवेजच्या साथीने तिच्याच बेटांच्या मार्गांवर उतरली. प्रवासी तेवढेच, आसनं जवळपास दुप्पट. भाडी कोसळली आणि काही महिन्यांत फ्लायबी-ईस्टर्न त्या मार्गांवरून बाहेर पडल्या. कमी प्रवाशांच्या मार्गावर दोन कंपन्या फार काळ टिकत नाहीत. म्हणूनच अशा मार्गांवर स्पर्धा विमानात नव्हे, निविदेत आणावी लागते. पुढे फ्लायबी बंद पडली त्याच दिवशी लोगनएअरने तिचे १६ मार्ग घेत असल्याचं जाहीर केलं. हवे तेवढेच उचलले, सगळे नाही.

मोठं होण्याचे धोके लोगनएअरलाही चुकलेले नाहीत. साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्येच थांबलं होतं, तरी ती २०२३ पर्यंत वापरात राहिली. विमान जुनं झालं की बिघाड वाढतात आणि सुटे भाग दुर्मिळ होतात. मोठ्या शहरात बदली विमान शेजारच्या दारावरून येतं. स्टॉर्नवेत बिघाड झाला तर तंत्रज्ञ आणि भाग दोन्ही ग्लासगोहून विमानानेच पाठवावे लागतात. २०१९ मध्ये फ्लायबीएमआय (फ्लायबीहून वेगळी कंपनी) बंद पडल्यावर तिची एम्ब्रेअर जेट विमानंही ताफ्यात आली, आणि पायलटांचं प्रशिक्षण, सुटे भाग, तंत्रज्ञांचे परवाने असं सगळंच आणखी एका प्रकाराने वाढलं. साबच्या जागी एटीआर आणण्याचा निर्णय मला योग्य वाटतो: ४२ आणि ७२ साठी पायलटचं मानांकन, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, एकच, आणि बरेच सुटे भागही सामाईक.

लहान फेऱ्यांमुळे माणसांचाही हिशोब बदलतो. दोन पायलटांच्या विमानात सकाळी ड्यूटी सुरू केली तर दोन उड्डाणांसाठी कमाल १३ तास मिळतात, पण चार उड्डाणांना १२ आणि सहा उड्डाणांना ११. उड्डाणं वाढली की तास घटतात, कारण थकवा टेकऑफ आणि लँडिंगमध्ये येतो, मधल्या सरळ उडण्यात नाही. बेटांच्या वेळापत्रकात सहा उड्डाणं सहज होतात, म्हणजे तेवढ्याच उड्डाणतासांसाठी जास्त पायलट लागतात.

सुरक्षेसाठी तीन घटना ब्रिटनच्या अपघात तपास विभागाच्या अहवालांतून वाचा. २७ फेब्रुवारी २००१ रोजी टपाल घेऊन एडिंबराहून बेलफास्टला निघालेलं शॉर्ट्स ३६० एडिंबराजवळच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीत कोसळलं आणि दोन्ही पायलट गेले. विमान बर्फाच्या वादळात कित्येक तास उभं होतं. इंजिनांच्या तोंडांवर झाकणं नव्हती, आत बर्फ साचला. उड्डाणानंतर बर्फरोधक झडपा दोन्ही बाजूंना एकदम उघडल्या, हवेचा प्रवाह बदलला, वितळता बर्फ आत गेला आणि दोन्ही इंजिनं एकाच वेळी विझली. झाकणं लावणं आणि झडपा एकामागून एक उघडणं, एवढ्यावर हे टळतं.

१५ मार्च २००५ रोजी रुग्ण आणायला कँपबेलटाउनला निघालेलं आयलंडर रात्री समुद्रात पडलं. पायलट आणि वैद्यकीय सहाय्यक दोघे गेले. पायलटने किमान उंचीखाली विमान उतरू दिलं होतं, आणि थकवा, एकट्यावरचा कामाचा भार व अलीकडच्या सरावाचा अभाव यांची शक्यता तपासात नोंदली गेली. एका पायलटची बचत कुठे थांबवायची, याचं उत्तर या अहवालात आहे: दिवसाउजेडी, रोजच्या ओळखीच्या धावपट्टीवर एक पायलट चालतो. रात्री, ढगात, उपकरणांवर उतरताना दुसरा माणूस हवा, नाहीतर निदान उंची कमी झाल्याचा आवाजी इशारा देणारं यंत्र तरी हवं.

तिसरी, १५ डिसेंबर २०१४. संबराजवळ साब २००० वर वीज पडली. पायलटांना वाटलं की नियंत्रणं प्रतिसाद देत नाहीत. प्रत्यक्षात ऑटोपायलट चालूच होता आणि त्यांच्या ओढण्याविरुद्ध नाक खाली करत होता. मिनिटाला ९,५०० फुटांपर्यंतच्या वेगाने विमान खाली आलं आणि समुद्रापासून सुमारे १,१०० फुटांवर सावरलं. सगळे सुखरूप परतले. पायलटने दांडा जोर लावून ओढला तर ऑटोपायलट आपोआप सुटला पाहिजे, हा धडा सगळ्याच विमानांसाठी होता.

प्रोजेक्टसाठी सुरुवात एकाच मार्गापासून करा, शक्यतो ग्लासगो-बॅरा. निविदेची कागदपत्रं सार्वजनिक असतात: त्यात किमान फेऱ्या, आसनं, कमाल भाडं आणि बदली विमानाची अट लिहिलेली असते. त्याशेजारी एका महिन्याचा भरतीचा तक्ता आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा ठेवा आणि स्वतः वेळापत्रक बसवून बघा. जानेवारी घ्या, जून नको. जूनमध्ये उजेड इतका असतो की काहीही बसतं. मग तेच विमान कँपबेलटाउन आणि टायरीलाही पाठवा. तिसऱ्या दिवसापर्यंत कुठेतरी अडाल, आणि तिथे तुम्हाला दुसऱ्या ट्विन ऑटरची गरज दिसेल. त्या दुसऱ्या विमानाचा खर्च कोणत्या मार्गावर टाकायचा, हे ठरवण्यात तुमच्या अहवालाचं निम्मं काम आहे.